आठ खेळ्यांची मात

जावयाने सासऱ्याला आठ खेळ्यांत मात दिली, तेव्हा यार्डातल्या जेवणाच्या खोलीत क्षणभर कुणाच्या तोंडातला घास हलला नाही. मग वेल्डरने डब्याच्या झाकणावर चमचा बडवला आणि एकच गलका उठला.

"उस्ताद पडले! अरे, बाहेर सांगा कुणीतरी, उस्ताद पडले!"

यार्डात त्याला सगळे जावईच म्हणत. अकरा वर्षांपूर्वी उस्तादांच्या लेकीशी लग्न झाले आणि सहा महिन्यांत उस्तादांनीच त्याला हाताला धरून फाटकातून आत आणले. त्या दिवसापासून त्याचे मूळ नाव हजेरीपटापुरते उरले. उस्ताद म्हणजे यार्डातल्या सर्वांत मोठ्या क्रेनचे चालक. चौतीस वर्षे त्यांनी लोखंडाचे डोंगर उचलून ठेवले होते आणि त्या लोखंडाखाली एकाही माणसाचे नख दुखावले नव्हते. जावई त्यांचा सिग्नलवाला. जमिनीवर उभे राहायचे आणि हातांच्या खुणांनी सांगायचे: वर, हळू, फिरवा, थांबा. काचेच्या केबिनमध्ये सासरा, मातीत जावई, आणि दोघांच्या मधोमध तारेला लोंबणारे वजन. अकरा वर्षे ते नाते असे हवेत तोलून धरलेले होते.

जेवणाच्या सुट्टीत दोघे बुद्धिबळ खेळत. वडीलधाऱ्याने पांढरी घ्यायची, जावयाने काळी. हा नियम कुणी केला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडायचेही कुणाला सुचले नव्हते. आजवर जावई जितक्या वेळा जिंकला होता ते एका हाताच्या बोटांवर मोजून अंगठा रिकामा राहिला असता. उस्तादांच्या खेळात घाई नसे, डौल नसे. ओझ्याची तार ताणली जाते तसा त्यांचा डाव हळूहळू ताणत जाई. चाळीस-पन्नास खेळ्यांनंतर जावयाला श्वास घ्यायला एक घरही उरत नसे आणि ते डब्यातला शेवटचा घास खात म्हणत, "जावईबापू, आता राजाला निजू द्या."

ते 'बापू' जावयाला कुसळासारखे टोचे.

म्हणून त्याने काळ्याचा तो आडदांड डाव शोधून काढला होता. पंधरा दिवस तो फोनवर तोच एक डाव पुन्हा पुन्हा पाहत होता. बायको म्हणाली, "माझ्या बापाला हरवायला एवढा अभ्यास? शाळेत केला असतात तर आज मी साहेबीण असते."

डाव मुळात उद्धट होता. पांढऱ्याने वजिराचे प्यादे दोन घरे सरकवले की काळ्याने लागलीच राजाचे प्यादे त्याच्या तोंडी द्यायचे: घे, खा. पांढरा खातो. दोन्हीकडून एकेक घोडा बाहेर पडतो. काळा वजीर आपल्या राजासमोर एकच पाऊल टाकून उभा राहतो. पांढरा उंट काढून मिळवलेल्या प्याद्याला राखण देतो, आणि तेवढ्यात तो वजीर तिरकी झेप घेऊन पांढऱ्याच्या डाव्या अंगाला येऊन ठाकतो. शह. उंट माघारी येऊन आड उभा राहतो. वजीर डावीकडचे एक प्यादे गिळतो. आता पांढऱ्याला मोह होतो, त्याच उंटाने या घुसखोराला हुसकावण्याचा. आणि त्या मोहात मरण असते. काळा उंट येऊन त्या उंटाला जागच्या जागी खिळवतो, थोडी मारामारी होते, आणि आठव्या खेळीला काळा वजीर पांढऱ्याच्याच शेवटच्या ओळीत उतरतो, राजापासून फक्त एक घर दूर. राजा स्वतःच्या माणसांनी वेढलेला, आणि त्यांतला एकही त्याच्या उपयोगाचा नाही.

जाणत्याने उंटाऐवजी घोडा पुढे काढला की हा डोलारा कोसळतो. फोनमधल्या माणसाने ते शेवटी, आवाज खाली घेत, सांगितले होते. जावयाने ते कुणाला सांगितले नाही.

त्या पहिल्या दिवशी तो "शह" म्हणाला तेव्हा उस्तादांनी पटाकडे पाहत विचारले, "कुठून?"

लोक हसले. जावयालाही ती थट्टाच वाटली. त्याने वजिराच्या डोक्यावर बोट ठेवले. "इथून, मामा."

"असं होय," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी उंट माघारी आणला.

पुढचे सगळे फोनमधल्यासारखे झाले. मात झाल्यावर उस्ताद पटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या. उजवीकडच्या आधी, एकेक करून. डावीकडचा एक हत्ती आणि दोन प्यादी पटावरच राहिली. ती जावयाने उचलली. जिंकण्याच्या धुंदीत माणूस असल्या गोष्टी पाहतो, पण त्या त्याला दिसत नाहीत.

पुढचे चार दिवस जावई यार्डभर छाती काढून फिरला. कुणी विचारो न विचारो, त्याने डाव समजावून सांगितला. फिटरांना सांगितला, फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितला, कामाच्या प्रमुख इंजिनिअर मॅडमना त्यांच्या टेबलावरच्या नकाशाच्या कोऱ्या कोपऱ्यात पट काढून दाखवला. "सापळाच असा आहे मॅडम, की यातून कुणी सुटत नाही. कितीही मोठा खेळाडू असो. आठ खेळ्या, खेळ खलास." मॅडम हसून म्हणाल्या, "घरी जेवण मिळतंय ना अजून?"

दुसऱ्यांदा तोच डाव त्याने मांडला तो खोडसाळपणाने. उस्ताद तसेच हरले. वेल्डरने जावयाचे बारसे करून त्याला 'आठवाला' हे नाव दिले. तिसऱ्यांदा मांडला तेव्हा त्याच्या मनात पैज होती, की आज उस्ताद नक्की घोडा काढणार. त्यांच्यासारखा माणूस एका दगडाला तीनदा ठेचकाळत नाही.

"शह."

"कुठून?"

या वेळी कुणी हसले नाही, कारण कुणाचे लक्ष नव्हते. जावयाचे होते. त्याने वर पाहिले. उस्तादांची नजर पटाच्या उजव्या कडेपासून निघाली, घराघरावरून शांतपणे चालत मध्यापर्यंत आली, आणि तिथे भिंत लागल्यासारखी वळून परत गेली. पुन्हा आली. पुन्हा परतली. त्या येरझारांत गोंधळ नव्हता, धडपड नव्हती. आपले अंगण एवढेच आहे, अशी खात्री असलेल्या माणसासारखी ती नजर फिरत होती.

आठव्या खेळीला मात झाली. 

दुसऱ्या दिवशी त्याने डाव बदलला. हाही चढाईचाच, हाही काळ्याचा. पण यात सगळा हल्ला पांढऱ्याच्या उजव्या अंगाने येतो. उस्तादांनी तो हल्ला असा झाडून टाकला की जणू बाहीवरची माशी. विसाव्या खेळीला जावयाकडे एक हत्ती आणि चार हताश प्यादी उरली.

"जावईबापू, आज आठचा पाढा विसरलात?" उस्ताद म्हणाले. सगळी खोली हसली. जावई हसला नाही. तो सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता. उजवा गाल तुळतुळीत होता. डाव्या जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचा एक पट्टा उगवला होता, तीन-चार दिवसांचा. डब्यात डावीकडची भाजी तशीच होती. आणि उस्ताद झाकण लावत पुटपुटत होते, "हल्ली मामी भाजी जरा कमीच देते."

संध्याकाळी त्याने सासूला फोन लावला.

"मामी, मामांना मध्ये काही झालं होतं का?"

पलीकडे भांडे विसळल्याचा आवाज थांबला. 

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही सांगा."

"न्हाणीघरात चक्कर आली होती. तीन आठवडे झाले. पाच मिनिटं बोलणं जड झालं, मग उठून चहा प्यायले, अगदी चांगले. मला शपथ घातलीय त्यांनी. दोन महिने राहिलेत हो निवृत्तीला. चौतीस वर्षं निभावली, दोन महिन्यांसाठी कशाला गाजावाजा, म्हणाले. आणि दिसायला काही झालेलं नाही, पेपर वाचतात रोज." भांडे पालथे घातल्याचा आवाज आला. "अर्ध्या ओळीच वाचतात बहुतेक. मला म्हणतात, हल्ली लिहिणाऱ्यांना वाक्य धड सुरू करता येत नाही."

फोन ठेवल्यावर जावई बराच वेळ जिन्यात उभा राहिला. गेल्या आठवड्यात क्रेनच्या हुकाने डावीकडचा एक लोखंडी खांब घासला होता आणि उस्तादांनी वाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी वारा पडलेला होता. जावयाने स्वतः मान डोलावून म्हटले होते, "हो मामा, झोतच आला एकदम." वडीलधाऱ्याची चूक वाऱ्याच्या नावावर घालण्यात त्याला तेव्हा सुसंस्कृतपणा वाटला होता.

आणि आता पुढचे काम दाराशी येऊन उभे होते. परवा दुपारी बारा वाजता बॉयलरचा ड्रम उचलायचा होता. साठ टन. तो उचलून क्रेनला डावीकडे फिरायचे होते, तिसऱ्या शेडच्या तोंडापर्यंत. शेडला लोखंडी परांची बांधलेली होती आणि ड्रम जागेवर बसवून घ्यायला अकरा फिटर त्या परांचीवर उभे राहणार होते. त्यांना हटवून ते काम होण्यासारखे नव्हते. उस्तादांच्या डाव्या अंगाला, उस्तादांसाठी नसलेल्या त्या अर्ध्या जगात, अकरा माणसे.

सकाळी तो मॅडमच्या खोलीत गेला. त्यांच्या टेबलावर ड्रमच्या मार्गाचा नकाशा पसरला होता आणि त्यावर लाल पेन्सिलीने एक सुबक कमान काढलेली होती. त्याने सांगायला सुरुवात केली. खुंट, भाजी, खांब, पट. सासूने शपथ मोडून सांगितलेली चक्कर तेवढी त्याने गिळली. ती गोष्ट त्याची नव्हती. बोलता बोलता त्यालाच ते पोरकट वाटू लागले.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "त्यांची डोळ्यांची तपासणी चार महिन्यांपूर्वी झालीय. अहवाल माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणताय, ते बुद्धिबळात हरतात म्हणून त्यांना दिसत नाही?"

"एकाच बाजूनं हरतात, मॅडम."

"अहो, गेल्या आठवड्यात याच टेबलावर तुम्ही मला सांगत होतात, की या सापळ्यातून कुणी सुटत नाही. कितीही मोठा खेळाडू असो. माझ्या नकाशावर अजून तुमचं चित्र आहे बघा."

ते चित्र तिथे होते. कोपऱ्यात, काळा वजीर, त्याभोवती जावयानेच ऐटीत काढलेले वर्तुळ. जावयाने ते पाहिले आणि त्याच्या लक्षात आले की आपली बढाई आता आपल्या खऱ्या बोलण्याच्या आड येऊन उभी आहे आणि तिला बाजूला सारण्याइतके बळ आपल्या शब्दांत नाही.

"मी निर्दय नाही," मॅडम म्हणाल्या. "मला डोळ्यांनी दिसेल असं काही दाखवा, मी त्या क्षणी काम थांबवते. तोपर्यंत कुणाच्या चौतीस वर्षांवर मी काट मारणार नाही. हवं तर मी त्यांना बोलावून विचारते."

"नको," जावई घाईने म्हणाला. "मीच बोलतो. घरातली गोष्ट आहे."

हे वाक्य त्याने का उच्चारले, हे त्याला नंतरही कळले नाही. ती घरातली गोष्ट नव्हती. पण अकरा वर्षांत प्रत्येक गोष्ट घरातली करून टाकायची सवय दोघांनाही जडलेली होती.

पाळी सुटल्यावर उस्ताद जेवणाच्या खोलीत हात धूत होते. बाकीचे निघून गेले होते. पत्र्याच्या खिडकीतून तिरपे ऊन आत आले होते आणि बाकांच्या सावल्या एकमेकींवर रेललेल्या होत्या.

"मामा, थोडं बोलायचं होतं."

"बोला की. पैसे सोडून काहीही मागा."

"उद्याचा ड्रम दुसऱ्या चालकाला द्या."

उस्तादांनी नळ बंद केला. हात पुसले. एकेक बोट वेगळे पुसले.

"का?"

"मामा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

उस्ताद हसले. मग हसणे चेहऱ्यावर तसेच राहिले आणि त्यामागचा माणूस आत निघून गेला.

"मामीनं सांगितलं?"

"पटानं सांगितलं. तीनदा माझा वजीर तुमच्या डाव्या अंगाला येऊन बसला. तीनदा तुम्हाला दिसला नाही. उजवीकडून आलो तर तुम्ही मला सोलून काढलंत."

"तुम्ही काही बरं खेळलात म्हणून मी हरलो, असं नाही सुचलं तुम्हाला?" उस्तादांचा आवाज चढला नाही. "सबंध यार्डाला तर तेच सांगत फिरलात. चार दिवस मी खाली मान घालून ऐकलं. म्हटलं, पोरगं आहे, मिरवू दे. आता एवढं मिरवणंही पुरेना? आता मला आंधळा ठरवायचाय?"

"अकरा माणसं आहेत परांचीवर, मामा."

"चौतीस वर्षं माणसंच होती माझ्या हुकाखाली. बाहुल्या नव्हत्या."

 दूर कुठेतरी ग्राइंडरची कर्कश घरघर उठून थांबली. मग उस्तादांनी फळीवरून पट काढला आणि बाकावर आपटला.

"मांडा तुमचा तो डाव. मला दिसत नसेल तर आठव्या खेळीला मरेन, आणि स्वतः मॅडमकडे जाऊन किल्ल्या टेबलावर ठेवीन. जिंकलो, तर या विषयावर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मॅडमशी नाही, माझ्या लेकीशी नाही, कुणाशीच नाही. कबूल?"

जावयाला हायसे वाटले. तीनदा चाललेला डाव चौथ्यांदा का चालू नये? आणि सासऱ्याने स्वतःच्या तोंडाने हरायचे कबूल केले होते. यापरते सौम्य असे काही घडू शकत नव्हते. माणसांच्या जिवाचा निवाडा लाकडी सोंगट्यांवर सोपवणे वेडेपणाचे आहे, हे दुसऱ्या कुणालाही दिसले असते. पण हे दोघे अकरा वर्षांत एकमेकांशी जे काही खरे बोलले होते, ते याच पटावर.

"कबूल," तो म्हणाला.

प्यादे. प्यादे. घास. घोडे. काळा वजीर राजासमोर आला. पांढरा उंट निघाला. जावयाने वजीर उचलला, तिरका नेला.

"शह."

उस्तादांनी 'कुठून' विचारले नाही.

त्यांनी मान वळवली. नुसते डोळे नव्हे, सबंध मान, पक्षी वळवतो तशी, डावा कान खांद्याच्या मागे जाईपर्यंत. आणि मग हळूहळू पटाची ती कड उजव्या अर्ध्यात ओढून आणली. वजीर दिसला. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. उंट माघारी आला. जावयाने प्यादे गिळले. उस्तादांनी पुन्हा मान वळवली, पुन्हा त्या अंधाऱ्या पट्टीतून एकेक घर बाहेर काढले, मोजले. मग त्यांचा हात उंटाकडे गेला, थबकला, आणि त्यांनी घोडा पुढे काढला.

त्या क्षणी जावयाला आपली चूक कळली. आपणच त्यांना सांगितले. कुठे पाहायचे ते आपणच सांगितले, आणि मग पाहता येते का याची परीक्षा घ्यायला बसलो. पटावर त्यांना कुणीतरी डावीकडे बघायला सांगितलेले आहे. उद्या दुपारी, साठ टन तारेला लटकत असताना, एक हात दांड्यावर आणि एक पाय ब्रेकवर असताना, कोण सांगणार?

डाव नंतर लांबला नाही. हत्ती बाजूला सरकला, काळा वजीर कोपऱ्यात पळाला, तिथे सापडला. घुसखोराची शिकार व्हावी तशी त्याची शिकार झाली. उस्तादांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. मान वळवून वळवून त्यांचा गळा लाल झाला होता. त्यांच्याएवढे दमलेले जावयाने त्यांना कधी पाहिले नव्हते, आणि एवढे आनंदीही.

"राजाला निजू द्या, जावईबापू," ते म्हणाले. मग प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तो हात त्याच्या डाव्या खांद्याला, म्हणजे त्यांच्या उजवीकडच्या खांद्याला, अचूक लागला.

दुसऱ्या दिवशी आकाश पांढरेफटक होते. सावल्या पायांखाली शिरून बसल्या होत्या. ड्रम जमिनीवर आडवा पडला होता, आणि त्याच्या पोटाशी जाड तारा बांधून झाल्या होत्या. तिसऱ्या शेडच्या परांचीवर फिटर एकामागून एक चढले. वेल्डर खाली उभा राहून त्यांना ओरडत होता, "वरून थुंकू नका रे, आज मी आंघोळ केलीय!" मॅडम शिरस्त्राण घालून लाल कमानीचा नकाशा हातात धरून उभ्या होत्या. बोलण्याचे यंत्र उस्तादांनी केबिनमध्ये कधीच ठेवू दिले नव्हते. कानात कुणी बडबडले की हात बावचळतात, म्हणत. त्यांना फक्त जावयाचे हात लागत.

जावई क्रेनच्या उजव्या अंगाला, नेहमीच्या जागी उभा राहिला. केबिन दोन पुरुष उंचीवर होती; काचेमागे उस्तादांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. त्यांनी आज दाढी केली होती. डाव्या जबड्याखालचा पट्टा तसाच होता.

त्याने हात वर केला. तार ताणली गेली. लोखंड कण्हले, आणि ड्रम जमिनीपासून सुटला, इतका अलगद की खालची माती क्षणभर त्याचा आकार धरून राहिली. वर. हळू. आणखी. साठ टन हवेत स्थिर झाले. अकरा वर्षांत जावयाने पाहिलेले सर्वांत सुंदर उचलणे होते ते.

आता डावीकडे फिरवण्याची खूण द्यायची होती.

परांचीवरच्या कुणीतरी शीळ घातली. जावयाचा उजवा हात छातीपर्यंत आला. मग त्याने दोन्ही हात बाजूंना ताठ पसरले. थांबा.

ड्रम थांबलेलाच होता. तो अधिक थांबला. केबिनमधून एक भोंगा वाजला: काय झाले? मॅडम चार पावले पुढे आल्या. "का थांबवलंत?"

 शब्द न बोलण्याचा जावयाने शब्द दिला होता. तो चालू लागला. दोन्ही हात तसेच पसरलेले, तळवे केबिनकडे, तोंड केबिनकडे. आडवा, खेकड्यासारखा, एकेक पाऊल. अंगावर भडक नारिंगी बंडी. समोर मोकळे मैदान. एक डबा नाही, एक खांब नाही, एक सावली नाही. ड्रमपासून लांब राहून त्याने क्रेनसमोरून अर्धे वर्तुळ कापायला सुरुवात केली.

सुरुवातीला काचेमागचा चेहरा त्याच्याबरोबर वळत होता. कपाळाला आठी होती. दहा पावले. पंधरा. तो क्रेनच्या लांब हाताच्या बरोबर समोर आला. आणखी एक पाऊल टाकले, आणि चेहरा वळायचा थांबला.

जावयाने आणखी पाच पावले टाकली. चेहरा तिथेच होता. जिथे जावई नुकताच होता त्या रिकाम्या जागेकडे उस्ताद निरखून पाहत होते. मग नजर उजवीकडे गेली, जमीन चाळत परत आली, आणि मध्यावरून वळली.

जावई थांबला. हात पसरलेले. भर दुपारी, केबिनपासून चाळीस पावलांवर.

तीन आखूड भोंगे वाजले.

यार्डात काल कामाला लागलेल्या झाडूवालीलाही त्यांचा अर्थ माहीत होता: सिग्नलवाला दिसत नाही, समोर या.

वेल्डर सवयीने हसला. "अहो उस्ताद, समोरच तर..." आणि तो वाक्य अर्धे टाकून दोन पावले मागे सरला. परांचीवरची शीळ बंद झाली. अकरा चेहरे जावयाकडे वळले, मग केबिनकडे. मॅडमनी जावयाकडे पाहिले, काचेकडे पाहिले, पुन्हा जावयाकडे पाहिले. त्यांच्या हातातला नकाशा खाली गेला.

"खाली उतरा," त्या परांचीवरच्या माणसांना म्हणाल्या. मग मोठ्याने पुन्हा म्हणाल्या. "सगळे खाली उतरा. धावू नका."

शिडीवर बुटांचे आवाज येऊ लागले. पुन्हा तीन भोंगे. या वेळी त्यांच्यातले अंतर कमी होते. जावयाच्या खांद्यांत आग पेटली होती, दंड थरथरत होते. पण हात खाली आणले तर ती वेगळी खूण झाली असती, आणि आज कुणाचाही गैरसमज होऊ द्यायचा नव्हता.

उस्तादांनी केबिनची उजवी खिडकी सरकवली. डोके बाहेर काढले. वजन तारेला असताना जागेवरून न उठण्याचा नियम त्यांनी आजही मोडला नाही. बसल्या जागेवरून जेवढे वाकता येईल तेवढे वाकून ते उजवीकडची जमीन शोधत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरलेल्या वडीलधाऱ्याची काळजी होती.

"जावईबापू!" त्यांनी हाक मारली. "अहो, कुठं गेलात? ओझ्याखाली तर नाही ना तुम्ही?"

  जावई नुसता दोन्ही हात पसरून उभा राहिला.